मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

प्रश्न. शिकवणीच्या गाडीत ब्रेक किती असतात?
(अ) एक
(ब) दोन
(क) जितकी माणसं बसलीत तितके
(ड) वरीलपैकी काहीही नाही

बरोबर उत्तर (ब). एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली. क्लचचंही तसंच. शिकणारा घाबरला की दाबायचं ते दाबत नाही आणि नको ते मात्र जीव खाऊन दाबतो. अशा वेळी मास्तर आपल्या बाजूने पाय टेकवतात आणि समोरचा सायकलवाला, त्याला काही न कळता, संध्याकाळी सुखरूप घरी पोचतो.

मास्तरांचे केस या शेजारच्या सीटवर बसूनच पिकले होते. दाताच्या डॉक्टरीणबाई, बेकरीवाला आणि त्याचे दोन्ही जावई, पोस्टातली कायम वैतागलेली बाई, सगळी मंडळी त्यांच्याच हाताखालून गेलेली. गाडी बंद पडली की इतर शिकवणारे कपाळाला हात लावत. मास्तर, कुणी पाणी मागावं आणि आपण द्यावं इतक्या सहज म्हणत, "बंद पडली ना? पडू दे. परत सुरू कर." भर चौकात, मागे हॉर्नचा कल्लोळ चाललेला असतानाही हेच. बंद पडणं शिकवणीतच धरलेलं आहे, त्याची वेगळी फी नाही, असं ते वर सांगत.

अशा माणसाच्या हातात परवाना कार्यालयाने एक कागद ठेवला. यापुढे गाडी शिकवणाऱ्यांनाही लेखी परीक्षा. कॉम्प्युटरवर, चार पर्यायांची. उन्हाळा संपायच्या आत पास व्हा, नाहीतर गाडीतले तुमच्या बाजूचे ब्रेक-क्लच काढून ठेवा आणि शिकवणं बंद करा. मास्तरांनी कागद वाचला. ब्रेक दाबावा आणि तो काहीच न अडवता सरळ खाली जावा, तसं त्यांना वाटलं.

भीती नियमांची नव्हती. भीती परीक्षेची होती. शाळेत असताना गणिताच्या शिक्षकांनी भर वर्गात त्यांच्या टाळूवर टिचकी मारून सांगितलं होतं, ही चाळण आहे, हिच्यात काही राहायचं नाही. वर्ग हसला. मास्तरही हसले, कारण विनोद बरा होता. फरक एवढाच की वर्ग तो विनोद विसरला आणि मास्तरांनी तो खरा धरून चालवला. किराणा आणायला विसरले की डोक्याकडे बोट दाखवून म्हणायचे, चाळण. शहरातलं प्रत्येक वळण त्यांना पाठ होतं, कोणत्या विद्यार्थ्याचा कोणता गुडघा थरथरतो हे वर्षांनंतरही आठवत होतं. पण ते डोक्यात नसतं, पायात असतं, असा त्यांचा हिशेब होता.

बायकोने कागद वाचला आणि नवऱ्याचं तोंड पाहिलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवून "आता दिसतंय का?" विचारायची. घरी आल्यावरही तिचं तेच चालायचं.

"अहो, आतल्या खोलीत अख्खी शाळा चालवलेली बाई बसलीय," ती म्हणाली. "दिसतंय का?"

प्रश्न. विद्यार्थ्याचा अभ्यास झाला आहे, हे कशावरून ओळखावे?
(अ) पुस्तकात रेघा ओढलेल्या आहेत
(ब) वाचताना मान हलते
(क) विचारलं की सगळं बरोबर येतं
(ड) वरील सर्व

आतल्या खोलीत बसलेली बाई म्हणजे मास्तरांच्या सासूबाई. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना अजूनही सगळे हेडबाईच म्हणायचे. खुद्द मास्तर तोंडावर "आई" म्हणत आणि मनात हेडबाई. बाईंच्या वर्गाचा तोंडी परीक्षेचा निकाल कायम अव्वल. तीच मुलं लेखी परीक्षेत का घसरत, हे मात्र शाळेला कधी उलगडलं नाही. बाईंना त्यात वरच्या वर्गांच्या शिक्षकांचा हात दिसायचा.

सासू आणि जावई एका छपराखाली वर्षानुवर्षं राहत होते आणि एकदाही एकमेकांना "नाही" म्हणाले नव्हते. त्या आल्या की हे उठून उभे राहायचे. हे उठले की त्या म्हणायच्या, बसा हो जावईबापू. मग दोघंही उभे. बायकोच्या मते या घरात शेवटचा बिस्किटाचा तुकडा नेहमी मऊ पडून फेकावा लागायचा, कारण तो दोघांपैकी कुणीच घ्यायचं नाही.

तर रोज जेवणाचं टेबल पुसलं की शाळा भरायला लागली. नियमांचं जाडजूड पुस्तक हेडबाईंनी आधी स्वतः वाचलं. महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघ, फार महत्त्वाच्या ओळींखाली निळी. लवकरच बिनरेघेची ओळ शोधावी लागेल अशी पाळी आली. मग मास्तरांनी तेच वाचायचं, पुन्हा वाचायचं, पुन्हा वाचायचं. हळूहळू ओळी ओळखीच्या वाटू लागल्या. रस्त्यात कुणी ओळखीचा चेहरा भेटावा, नाव आठवू नये आणि आपण नुसतंच हसून मान डोलवावी, तशी मास्तर त्या ओळींकडे बघून मान डोलवायचे.

शेवटी तोंडी. हेडबाई प्रश्न वाचायच्या, मग पर्याय. अ. ब. मग नाकावर घसरलेला चष्मा बोटाने वर ढकलून, क. मग ड.

"क," मास्तर म्हणायचे.

"शाब्बास."

पुढचा प्रश्न. चष्मा या वेळी ब-ला घसरायचा. मास्तर म्हणायचे, ब. शाब्बास. असं एकही उत्तर चुकायचं नाही. मास्तरांना स्वतःचंच नवल वाटायला लागलं. चाळणीची छिद्रं बुजली की काय, असं त्यांनी बायकोला विचारलंसुद्धा. बायको आईला म्हणाली, तुझ्या चष्म्याची काडी सैल झालीय, दुकानात आण, घट्ट करून देते. हेडबाई म्हणाल्या, राहू दे, सवय आहे.

प्रश्न. सासूबाई गाडी चालवत असताना गाडीला झटका बसल्यास काय करावे?
(अ) समजावून सांगावे
(ब) झटका सोसावा
(क) खिडकीबाहेर बघावे
(ड) झटका बसूच देऊ नये

गुरुदक्षिणा म्हणून काय देऊ, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा हेडबाईंनी सांगितलं, मला गाडी शिकवा. त्यांच्या शाळेतली शिवणाची बाई, त्यांची जुनी मैत्रीण, टेकडीवर राहायला गेली होती. बस पायथ्यापर्यंतच जायची. शाळेच्या कपाटाची किल्ली नक्की कुणी हरवली यावर दोघींचं भांडण अजून निकाली निघालं नव्हतं आणि ते फोनवर नीट होत नाही, अशी हेडबाईंची तक्रार होती.

मास्तरांची पंचाईत झाली. बेकरीवाल्याला "बंद पडली ना, पडू दे" म्हणणं वेगळं. साक्षात सासूबाई, भर रस्त्यात, मागे हॉर्न वाजताहेत, गाडी धक्के खातेय, आणि शेजारी जावई शांत बसलाय? लोक काय म्हणतील, त्याहीपेक्षा बायको काय म्हणेल. पहिल्याच दिवशी हेडबाईंनी क्लच घाईत सोडला आणि गाडी गचका खाणार इतक्यात मास्तरांच्या पायाने आपल्या बाजूचा क्लच अलगद दाबला. गाडी तुपातून सुरी जावी तशी निघाली.

"अरे वा," हेडबाई म्हणाल्या. "सोपं आहे की."

मग तो पाय रोजच काम करायला लागला. वळणावर, उतारावर, सिग्नलला. मास्तर तोंडाने हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि खाली पायांनी अख्खी गाडी चालवायचे. हेडबाई घरी येऊन लेकीला सांगायच्या, माझ्या हातात उपजतच आहे. तसंही त्या आयुष्यात कुठल्याच परीक्षेत नापास झाल्या नव्हत्या. ही कशी व्हायची?

प्रश्न. परीक्षकाच्या गाडीत शेजारच्या सीटखाली ब्रेक असतो का?

नाही.

प्रश्न. पुढील घटना योग्य क्रमाने लावा.

क्रम असा होता. सोमवारी हेडबाई कडक इस्त्रीची साडी नेसून चाचणीला गेल्या. परीक्षकाने त्यांना कार्यालयाच्या गाडीत बसवलं आणि कार्यालयासमोरच्या चढावर थांबून पुन्हा गाडी चढवायला सांगितली. गाडी बंद पडली. पुन्हा बंद पडली. मग मागे घरंगळायला लागली, तेव्हा परीक्षकाने हँडब्रेक ओढला आणि नम्रपणे विचारलं, आपण याआधी कधी गाडी चालवली आहे का? हेडबाई घरी आल्या, खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

गुरुवारी मास्तर कार्यालयात सराव परीक्षेला गेले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रश्न आला, खाली चार पर्याय. चारही ओळखीचे. चौघंही रस्त्यात भेटून हसल्यासारखे हसत होते आणि एकाचंही नाव आठवेना. मास्तर पडद्याकडे बघत राहिले, कशाची तरी वाट बघितल्यासारखे. पडदा ढिम्म. निकाल लगेच आला. सपशेल नापास, तोही असा की सहज बोट ठेवत गेले असते तरी थोडे जास्त मिळाले असते.

घरी आल्यावर त्यांनी डोक्याकडे बोट दाखवलं. चाळण, असंही म्हणाले नाहीत. मेहुण्याला फोन करून त्याच्या सामान पोचवायच्या गाडीवर ड्रायव्हर हवा आहे का, ते विचारलं. मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्ही याल तर सोनंच. फोन ठेवून मास्तर अंगणात उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे गेले, शेजारच्या सीटवर बसले आणि उगाचच ब्रेक दाबून बघत राहिले.

खरी परीक्षा पुढच्या महिन्यात होती. आणि मास्तरांना सामानाची गाडी एकट्याने चालवायची हौस नव्हती. शेजारी कुणीतरी चुकणारं लागायचं. त्याशिवाय त्यांना गाडी चालल्यासारखीच वाटायची नाही.

प्रश्न. मांडी घालून बसलेल्या मास्तरांना गाडी थांबवता येते का?

शनिवारी सकाळी हेडबाईंच्या खोलीचं दार उघडलं. नापास होण्याचा अनुभव नवा असल्याने त्यांनी तो सगळ्या बाजूंनी तपासून पाहिला होता. आधी परीक्षकाचा दोष काढून झाला, मग चढाचा. मग त्यांना एक साधी गोष्ट खटकली. जावयाच्या गाडीत गाडी कधीच बंद पडली नव्हती. एकदाही नाही. इतक्या वर्षांच्या शिक्षिकेला एकदाही न चुकणारा विद्यार्थी माहीत होता: शेजारच्याच्या पाटीत बघून लिहिणारा.

त्यांनी जावयाला बंद कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर गाडी घ्यायला लावली. तिथे हेडबाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. मास्तर शेजारी बसले.

"जावईबापू, चपला काढा."

मास्तरांनी काढल्या.

"आता पाय वर. मांडी घाला."

मास्तरांनी सीटवर मांडी घातली. गुडघा दाराला टेकला, दुसरा गिअरला. हात तेवढा हँडब्रेकवर ठेवू का, असं त्यांनी विचारलं. ते मंजूर झालं.

गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. मास्तरांच्या पायांची बोटं मांडीत वळवळली. पुन्हा सुरू. पुन्हा गचका. मग एकदा ती टुणटुण उड्या मारत मैदानाच्या मध्यापर्यंत गेली आणि हेडबाईंचा अंबाडा सुटला. त्यांनी इंजिन बंद केलं. पुढे बघतच विचारलं:

"इतके दिवस गाडी कोण चालवत होतं?"

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथे फक्त भिंत होती.

"तुम्हाला कसं झटके बसू द्यायचे, आई?"

"बेकरीवाल्याला बसू देता."

"तो सासरा नाही माझा."

हेडबाई हसतील असं मास्तरांना वाटलं नव्हतं. त्या आधी नाकातून हसल्या, मग तोंड दाबून, मग स्टिअरिंगवर कपाळ टेकवून. त्यात हॉर्न वाजला आणि दोघंही दचकले. पुरे झाल्यावर त्यांनी अंबाडा बांधला, गाडी सुरू केली, आणि घरी एकदाही न चुकणारे जावई सरावात नापास कसे झाले, ही मनातली दुसरी शंका तिथेच तपासायला घेतली. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवाल? अ, ब, क, ड. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर, आवाज सपाट.

मास्तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"इकडे काय बघताय? माझ्या तोंडावर लिहिलंय का?"

आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की होय, लिहिलेलं असायचं.

संध्याकाळी हेडबाईंनी लेकीला विचारलं, मी बरोबर उत्तराला चष्मा वर करते का गं? बायको चहा गाळत होती. ती म्हणाली, म्हणजे काय, सगळ्या शाळेला माहीत होतं ते. मला वाटलं, तू मुद्दाम करतेस, मायेने.

हेडबाई खुर्चीत बसल्या. तोंडी परीक्षेचे ते सगळे अव्वल निकाल त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले असावेत. चहा निवला. मास्तर उठून उभे राहिले आणि त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. एकच बिस्कीट होतं. हेडबाईंनी ते घेतलं आणि खाल्लं.

"मेहुण्याला फोन करून नाही म्हणून सांगा," त्या म्हणाल्या.

"पण आई, हे डोकं..."

"डोक्याचं मला सांगू नका. तुमची गाडी अजून एकदाही बंद पडलेली नाही. मीच चालवत होते."

प्रश्न. (हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः तयार करावा.)

चष्मा काढला तर हेडबाईंना पुस्तक दिसेना आणि घातला तर बोट वर गेल्याशिवाय राहीना. तेव्हा प्रश्न मास्तरांनीच काढायचे असं ठरलं. पुस्तक वाचायचं, मिटायचं, मग कागदाच्या चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा. बरोबर उत्तर एक. चुकीची तीन.

बरोबर उत्तर लिहिताना मास्तरांना घाम फुटायचा. मिटलेल्या पुस्तकातून काही म्हणता काही आठवायचं नाही, उघडून बघावं लागायचं. पण चुकीची उत्तरं? ती त्यांच्याकडे ढिगाने होती. डॉक्टरीणबाई पिवळ्या दिव्याला काय समजायच्या, पोस्टातली बाई गोल चौकात आधी कुणाला जाऊ द्यायची (कुणालाच नाही), बेकरीवाला धुक्यात कोणते दिवे लावायचा. एकेक चूक लिहिताना ती का चूक आहे हे मनात यायचंच, कारण तेव्हा पाय टाकावा लागला होता. आणि ती का चूक हे कळलं की बरोबर उत्तर मुकाट्याने शेजारी येऊन बसायचं. एक दिवस चिठ्ठ्यांची बरणी भरली तेव्हा मास्तर जरा वेळ तिच्याकडे बघत राहिले. हे सगळं कुठे होतं इतके दिवस? पायात तर एवढं मावत नाही.

रोज सकाळी मैदान. सासूबाई चालवायच्या, जावई मांडी घालून एकेक चिठ्ठी काढायचे, वाचायचे, उत्तर द्यायचे, मग चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलेलं बरोबर उत्तर बघायचे. हेडबाई समोर बघत. गाडीत दोन गोष्टी आलटून पालटून बंद पडायच्या.

पहिल्यांदा उत्तर चुकलं तेव्हा मास्तरांचं बोट सवयीने टाळूकडे निघालं होतं. हेडबाईंनी नजर न वळवता, अगदी त्यांच्याच आवाजात, पाणी द्यावं तसं म्हटलं:

"बंद पडली ना? पडू दे."

बोट अर्ध्या वाटेतून परत आलं. चुकलेली चिठ्ठी वेगळ्या खिशात गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाहेर निघाली. त्या खिशातल्या चिठ्ठ्या कमी झाल्या की मास्तरांना थोडी चुटपुटच लागायची, कारण आता त्यांना चुका आवडायला लागल्या होत्या, विद्यार्थ्यांच्या आवडायच्या तशाच. कुठे पाय टाकायचा ते त्या सांगत.

बायकोने एका रविवारी आईचा चष्मा न विचारता दुकानात नेला आणि काडी घट्ट करून आणली. हेडबाईंचं बोट त्यानंतरही अधूनमधून नाकाकडे जायचं, तिथे काही काम नाही हे बघून, ओशाळून खाली यायचं.

प्रश्न. शेवटचा.

परीक्षेच्या दिवशी गाडी हेडबाईंनी नेली. पुढे-मागे शिकाऊची पाटी, शेजारी मास्तर, पाय सीटखाली ओढून घेतलेले. चौकात गाडी एकदा बंद पडली, सुरू झाली, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

आत कॉम्प्युटरसमोर मास्तर बसले. पहिला प्रश्न आला. चार चेहरे, चारही ओळखीचे. पण या वेळी एकेकाचं नाव आठवत होतं. हा डॉक्टरीणबाईंचा. हा पोस्टातला. हा बेकरीवाल्याचा धाकटा जावई. उरलेला तो. मास्तर एकेकाला नमस्कार करत पुढे गेले. मधे एक प्रश्न अडला, चांगलाच अडला. मास्तर खुर्चीत मागे रेलले, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी चपला काढून खुर्चीवर मांडी घातली.

देखरेखीवरचा माणूस लगबगीने आला. "काका, पाय खाली घ्या."

"घेतो. एवढं उत्तर होऊ दे. पाय खाली असले की माझा पाय मधे येतो."

त्याला काही कळलं नाही. मास्तरांना उत्तर कळलं.

पडद्यावर निकाल आला. पास. काही चुकले होते. मास्तरांनी ते चुकलेले प्रश्न पडद्यावर पुन्हा बघायला मिळतील का म्हणून विचारलं. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, तेव्हा माणसाने आधी साहेबांकडे बघितलं, मग हळूच बटण दाबलं.

बाहेर हेडबाई गाडीला टेकून उभ्या होत्या. मास्तरांचा चेहरा बघून त्यांना कळलं, तरी त्यांनी विचारलंच. मास्तर म्हणाले, आई, धुक्यात मागचे दिवे कधी लावायचे ते चुकलं माझं. आणि हसायला लागले. मेहुण्याला फोन लावून बातमी सांगितली. तो म्हणाला, म्हणजे दाजी, माझं सोनं गेलं.

घरी जायचं तर आधी कार्यालयासमोरचा तोच चढ. वर दारात तोच परीक्षक चहा पीत उभा, त्याने साडी ओळखली आणि कप खाली घेतला. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या. हेडबाईंनी हँडब्रेक सोडला, क्लच सोडला.

गाडी बंद पडली.

मागून हॉर्न वाजला. मास्तरांचा पाय सीटखालून निघाला, ब्रेकपर्यंत आला, आणि तिथेच, चटईवर, मुकाट पडून राहिला. हात हँडब्रेकवर. हेडबाईंनी आरशात मागच्या गाडीवाल्याकडे पाहिलं, वर्गात मागच्या बाकाकडे पाहावं तसं. हॉर्न बंद झाला.

"परत सुरू करते," त्या म्हणाल्या.

गाडी थोडी थरथरली, थोडी मागे आली, मग इंजिनाचा सूर बदलला आणि ती चढायला लागली. परीक्षकापाशी पोचल्यावर हेडबाईंनी काच खाली केली आणि पुढच्या सोमवारी येते म्हणून सांगितलं. मग टेकडीकडचा इंडिकेटर लावला. घर दुसऱ्या बाजूला होतं.

"आई, घर..."

"किल्लीचं मिटवून येऊ," हेडबाई म्हणाल्या. "चिठ्ठी काढा पुढची."